तुडतुड्याचे नाव कोण सांगणार?

विदर्भ-मराठवाड्यातल्या कापूस उत्पादकाला ज्याची ओळख करून द्यावी लागत नाही, तो कपाशीवरचा हिरवा तुडतुडा २०२५ च्या हंगामात अमेरिकेच्या जॉर्जिया, दक्षिण कॅरोलायना आणि अलाबामा या राज्यांत जाऊन पोचला. आदल्या वर्षी तो फ्लोरिडात सापडला होता. २०२३ मध्ये कॅरिबियन समुद्रातल्या प्वेर्तो रिको बेटावर त्याची नोंद झाली होती. त्याही आधी, २०२२ च्या हंगामात, पश्चिम आफ्रिकेतल्या बुर्किना फासो, माली, कोत दिव्वार अशा देशांत कपाशीवर तुडतुड्यांनी हाहाकार उडवला आणि त्या वर्षी तिथले कापसाचे उत्पादन घसरले. आफ्रिकेतल्या कपाशीला तुडतुडे नवीन नव्हते. जेकोबिएला फेशियालिस ही तिथली जुनी, माहितीतली जात. त्यामुळे पहिला संशय तिच्यावरच गेला. नमुने प्रयोगशाळेत गेले तेव्हा कळले की हा तुडतुडा आशियातला आहे: अम्रास्का बिगुट्टुला, म्हणजे आपल्याकडचाच.

किडीची जात बदलली की तिची आवडती पिके, तिला खाणारे मित्रकीटक, तिच्यावर चालणारी औषधे हे सगळेच बदलू शकते. जुन्या जातीचा अनुभव नव्या जातीला लावला तर हंगाम हातचा जातो. म्हणून किडीचे नाव नेमके कळणे ही संग्रहालयातल्या चार विद्वानांची हौस नाही. पीक संरक्षणाची ती पहिली पायरी आहे. जनुकीय माहितीमुळे ही पायरी चढणे आता पूर्वीपेक्षा खूप सोपे झाले आहे. आपण मात्र अजून पायथ्याशीच रेंगाळतो आहोत, आणि आपल्या कृषी संशोधनाने हे गांभीर्याने घ्यायला हवे.

तुडतुड्यांच्या कुलात, म्हणजे सिकाडेलिडीत, आजवर वीस हजारांहून अधिक जातींना नावे मिळाली आहेत. नाव न मिळालेल्या किती, याचा अंदाजच करायचा. भात, कापूस, भेंडी, वांगी, आंबा, द्राक्ष, चहा, रस्त्याकडेचे गवत, यांतले क्वचितच काही तुडतुड्यांवाचून सुटले असेल. कपाशीवरचा तुडतुडा जेमतेम तीन मिलिमीटरचा, फिकट हिरवा. पंखांच्या टोकाजवळ एकेक काळा ठिपका असतो. पान उलटले की तो तिरका चालत दुसऱ्या बाजूला सटकतो. त्याने रस शोषला की पानांच्या कडा पिवळ्या पडून मुरगळतात, पुढे लालसर होऊन करपतात. शेतकऱ्याला एवढी खूण पुरते. वर्गीकरण करणाऱ्याला ती पुरत नाही, कारण याच आकाराचे, याच रंगाचे हिरवे तुडतुडे त्याच्या गटात शेकड्यांनी आहेत. बाहेरून पाहून त्यांना वेगळे करायला गेले की जाणकारसुद्धा चुकतो.

मग ओळख पटते कशी? शंभर वर्षांची रीत अशी: नर निवडायचा, सूक्ष्मदर्शकाखाली त्याच्या पोटाचे टोक वेगळे काढायचे, ते दाहक पोटॅशच्या द्रावणात ठेवून आतले मांस विरघळू द्यायचे, धुवायचे आणि ग्लिसरिनच्या थेंबात ठेवून जननेंद्रियांचे बारीक आकार पाहायचे. टोकाशी आकडा आहे की काटा, एक फाटा आहे की दोन, तो वर वळला आहे की खाली, यावर जात ठरते. आकृती काढायची, जुन्या निबंधातल्या आकृतीशी ताडायची, मग नाव लिहायचे. हे काम हात बसलेला माणूसच करू शकतो, आणि हात बसायला वर्षे लागतात. शिवाय ही रीत फक्त नरापुरती. मादी हाती आली तर बहुतेक वेळा काम अडते. पंख न फुटलेले पिल्लू हाती आले तर जवळजवळ अडलेच. शेतात नुकसान तर माद्या आणि पिल्लेही तितकेच करतात.

डीएनए इथे मदतीला येतो. २००३ साली कॅनडाच्या ग्वेल्फ विद्यापीठातले पॉल हेबर्ट यांनी एक सोपी कल्पना मांडली. प्रत्येक प्राण्याच्या पेशीतल्या मायटोकॉन्ड्रियात सीओआय नावाचे जनुक असते. त्यातला सुमारे ६५८ अक्षरांचा ठरावीक तुकडा वाचायचा आणि तो जातीची खूण म्हणून वापरायचा. एकाच जातीतल्या किड्यांत हा तुकडा जवळजवळ सारखा असतो, दोन जातींत त्यात ठसठशीत फरक पडतो. किड्याचा एक पाय काढला तरी डीएनए मिळतो, बाकीचा किडा संग्रहात शाबूत राहतो. नर असो, मादी असो, पिल्लू असो, उत्तर एकच येते. पानावर सापडलेले पिल्लू कोणत्या प्रौढाचे, हे सांगायची सोय तुडतुड्यांच्या अभ्यासात झाली.

या सोयीचा लाभ चहाच्या मळ्यांत दिसला. पूर्व आशियात चहाची कोवळी पाने शोषणारा एक हिरवा तुडतुडा आहे. चीनमध्ये त्याला वर्षानुवर्षे एम्पोआस्का व्हायटिस म्हणत. हे मुळात युरोपातल्या द्राक्षवेलींवरच्या जातीचे नाव. तैवानात त्याला जेकोबिआस्का फॉर्मोसाना म्हणत, जपानात एम्पोआस्का ओनुकी. तीन देश, तीन नावे, तीन वेगवेगळे शोधनिबंधांचे ढीग. २०१४ मध्ये चिनी संशोधकांनी मायटोकॉन्ड्रियातली जनुके ताडून पाहिली तेव्हा या तिन्ही नावांमागे एकच जात असल्याचा पुरावा मिळाला. २०१५ मध्ये चीन आणि जपानमधल्या नमुन्यांची जननेंद्रिये शेजारी ठेवून तपासली गेली आणि नाव पक्के झाले: एम्पोआस्का ओनुकी. पुढे या जातीची संपूर्ण जनुकसंहिताही वाचून झाली. एका देशात या किडीच्या नैसर्गिक शत्रूंवर झालेले काम आता दुसऱ्या देशात निःशंकपणे वापरता येते. तोवर चीनमध्ये जे छापले जात होते, त्यातले बरेचसे भलत्याच किडीच्या नावावर जमा होत होते. पुराव्यांचा क्रमही ध्यानात ठेवण्याजोगा आहे. आधी जनुकांनी शंका उभी केली आणि मग सूक्ष्मदर्शकाने निकाल दिला. दोघांपैकी एकाचे काम दुसऱ्याने केले नाही.

पिकांपलीकडे जाऊन पाहिले तर जनुकांनी तुडतुड्यांचा सगळा वंशवृक्षच नव्याने मांडायला लावला आहे. बाभळीच्या फांदीवर कधी काट्यासारखे दिसणारे छोटे किडे रांगेने बसलेले असतात आणि मुंग्या त्यांच्याभोवती घुटमळत असतात. त्यांच्या पाठीच्या पुढच्या भागावर शिंगांसारखी वाढ असते. या शिंगवाल्या किड्यांचे कुल वेगळे, मेंब्रासिडी. पुस्तकांत तुडतुडे आणि ते असे दोन शेजारचे, पण स्वतंत्र गट म्हणून शिकवले गेले. अमेरिकेतल्या इलिनॉय राज्याच्या निसर्गवैज्ञानिक पाहणी संस्थेतले ख्रिस डीट्रिक आणि त्यांचे सहकारी या प्रश्नावर दीर्घकाळ काम करत आहेत. २००१ मध्ये त्यांनी एका जनुकाच्या आधारे मांडलेले चित्र धूसर होते. २०१७ मध्ये त्यांनी ३८८ जनुकखंडांतली नव्व्याण्णव हजारांहून अधिक अक्षरे ताडून नवा वंशवृक्ष मांडला. त्यात शिंगवाले किडे तुडतुड्यांच्या शेजारी न बसता त्यांच्या आतच, एका फांदीवर बसले. म्हणजे तुडतुड्यांच्याच एका जुन्या शाखेतून ते निपजले. मग तुडतुड्यांचे कुल आज जसे आखले आहे तसे ते पूर्वजाच्या सगळ्या वंशजांना सामावत नाही. दोन्ही कुले एक करायची, की तुडतुड्यांचे अनेक कुलांत तुकडे पाडायचे, हा वर्गीकरणाचा मोठा पेच आहे.

ही शिंगे आली कुठून, या प्रश्नालाही जनुकांनीच वाट दाखवली. २०११ मध्ये एका गटाने मांडले की ही वाढ म्हणजे पंखांचीच तिसरी जोडी आहे. शरीररचनेच्या अभ्यासकांना ते पटले नाही. त्यांच्या मते ती छातीच्या पहिल्या भागाच्या पाठीचीच वाढ आहे. २०२० मध्ये कनेक्टिकट विद्यापीठातल्या संशोधकांनी एका शिंगवाल्या किड्यात आणि एका साध्या तुडतुड्यात कोणत्या अवयवात कोणती जनुके चालू असतात ते ताडून पाहिले. शिंगवाल्याच्या पाठीच्या त्या भागात पंख घडवणारी जनुके कामाला लागलेली दिसली, साध्या तुडतुड्यात तसे नव्हते. म्हणजे अवयव जुनाच, पाठीचा. पंख घडवण्याची तयार यंत्रणा मात्र तिथे नव्याने वापरली गेली. उत्क्रांती नवे घडवताना जुनेच सामान कसे वापरते, याचे इतके स्वच्छ उदाहरण क्वचित मिळते. ते मिळाले, कारण कोणाची तुलना कोणाशी करायची हे वंशवृक्षाने आधीच सांगून ठेवले होते.

तुडतुड्यांच्या इतिहासाला आणखी एक साक्षीदार आहे, आणि तो त्यांच्या पोटात राहतो. झाडाच्या वाहिन्यांतल्या रसात काही आवश्यक अमिनो आम्ले फार कमी असतात. ती पुरवणारे जिवाणू अनेक तुडतुड्यांच्या शरीरात खास पेशींमध्ये वस्तीला असतात आणि आईकडून अंड्यात, अंड्यातून पिल्लात उतरतात. त्यांतल्या सल्सिया या जिवाणूची या किड्यांच्या पूर्वजांशी सोबत सव्वीस कोटी वर्षांहून जुनी मानली जाते. त्याचा जोडीदार नासुइया याची जनुकसंहिता २०१३ मध्ये वाचली गेली. ती अवघी १ लाख १२ हजार अक्षरांची निघाली, त्या वेळी ज्ञात असलेल्या सर्व जिवाणूंत सर्वांत लहान. यजमानाच्या आसऱ्याला राहून त्याने अनावश्यक ते सगळे टाकून दिले. हे जिवाणू आईकडूनच येतात, म्हणून त्यांचा वंशवृक्ष आणि तुडतुड्यांचा वंशवृक्ष एकमेकांशी ताडून पाहता येतो. दोन्ही जुळले की निष्कर्षाला बळकटी येते, आणि जिथे जुळत नाहीत तिथे नवा प्रश्न हाती लागतो.

इतके सगळे जनुकांनी दिले असले, तरी जनुकांवर सगळा भार टाकणे धोक्याचे आहे. मायटोकॉन्ड्रिया फक्त आईकडून येतात. दोन जातींत संकर झाला असेल तर त्यांचा तुकडा अर्धीच गोष्ट सांगतो. मायटोकॉन्ड्रियातल्या जनुकांच्या जुन्या, निकामी प्रती पेशीच्या केंद्रकातही जाऊन बसलेल्या असतात. त्या चुकून वाचल्या गेल्या तर नसलेली जात दिसू लागते. खोलवरच्या फांद्यांचा प्रश्न निराळाच. क्रिटेशस काळात, डायनासोर पृथ्वीवर वावरत असताना, तुडतुड्यांच्या अनेक मुख्य शाखा थोड्या थोड्या अंतराने फुटल्या असाव्यात. मधल्या अल्प काळात जनुकांत फारसे बदल साठले नाहीत, म्हणून शेकडो जनुके वाचूनही काही उपकुलांचे परस्परनाते अजून निश्चित होत नाही.

याहून मोठा धोका माणसाच्या हातचा आहे. जगभरचे संशोधक वाचलेली जनुके सार्वजनिक संचांत जमा करतात. नाव काय लिहायचे ते जमा करणाराच ठरवतो. किडा ओळखताना चूक झाली असेल तर ती चूक जनुकासोबत संचात जाते. दुसरा संशोधक आपला नमुना तिच्याशी जुळवतो, तेच नाव लावतो आणि चूक दुप्पट होते. किडा जपून ठेवलेला असेल तर कधीही परत तपासता येते. तो टाकून दिला असेल तर ते जनुक म्हणजे गट नंबर नसलेला सातबारा: कागद आहे, पण जमीन कुठली ते कोणी सांगू शकत नाही. नवी जात वर्णन करणाऱ्याने तिचा नमुना अधिकृत भांडारात ठेवलाच पाहिजे, असे आपला २००२ चा जैविक विविधता कायदा सांगतो. जुन्या, नाव असलेल्या जातींची जनुके जमा करणाऱ्यावर मात्र तसे बंधन नाही. किडींच्या बाबतीत बहुतेक काम या जुन्या जातींवरच होते.

आपल्याकडे या विषयाची परंपरा नाही असे कोणी समजू नये. डब्ल्यू. एल. डिस्टंट यांनी ब्रिटिश भारताच्या प्राणिजीवनावरील ग्रंथमालेत १९०८ आणि १९१८ च्या खंडांत इथल्या तुडतुड्यांची वर्णने केली. कपाशीवरच्या तुडतुड्याला एम्पोआस्का डिव्हास्टन्स हे नाव १९१८ मध्ये त्यांनीच दिले. त्याआधी इशिदा या जपानी अभ्यासकाने तैवानातल्या तुडतुड्याला दिलेले बिगुट्टुला हे नाव पुढे मान्य झाले. तरी आपल्या शेती साहित्यात आजही ही कीड दोन-तीन नावांनी वावरते. डिस्टंट यांचे मूळ नमुने लंडनच्या निसर्ग इतिहास संग्रहालयात आहेत. हेमसिंग प्रुथी यांनी १९३० पासून भारतीय तुडतुड्यांचा पद्धतशीर अभ्यास मांडला. आंब्यावरच्या तुडतुड्यांतल्या इडिओस्कोपस नागपुरेन्सिस या जातीचे वर्णन त्यांचे, आणि तिच्या नावात आपले नागपूर आहे. बंगळुरूच्या कृषी विज्ञान विद्यापीठात सी. ए. विरक्तमठ यांनी काही दशके या एकाच कुलावर काम करून जगाने मान्य केलेला अभ्यास आणि संग्रह उभा केला. नागपूरच्या केंद्रीय कापूस संशोधन संस्थेतून देशातल्या कपाशीवरच्या तुडतुड्यांच्या सीओआय जनुकाचा अभ्यासही झाला आहे. म्हणजे पाया आहे. त्यावर बांधकाम करणारी माणसे कमी पडत आहेत.

कोकणातल्या बागायतदाराचे उदाहरण घ्या. मोहोरावर तुडतुडे आले की चिकटा पडतो, त्यावर काळी बुरशी चढते, आणि बागायतदार म्हणतो, खार पडला. आंब्यावर तुडतुड्यांच्या एकाहून अधिक जाती आहेत. अम्रिटोडस अॅटकिन्सोनी खोडाच्या सालीत जास्त आसरा घेते, इडिओस्कोपस क्लायपिआलिस मोहोरावर जास्त वाढते. फवारा खोडावर मारायचा की मोहोरावर, केव्हा मारायचा, हे बागेत कोण जास्त आहे यावर ठरायला हवे. वांग्याच्या पर्णगुच्छ रोगाचेही तसेच. तो पसरवण्याचे काम हिशिमोनस फायसिटिस हा तुडतुडा करतो. वांग्यावर दिसणारा प्रत्येक तुडतुडा रोग पसरवत नाही. जात न ओळखता फवारणी झाली तर पैसा जातो, मित्रकीटक मरतात आणि रोग तसाच राहतो.

आपल्या कृषी अभ्यासक्रमात कीटकशास्त्र म्हटले की कीटकनाशकांच्या चाचण्यांना पहिला मान मिळतो. वर्गीकरणात डॉक्टरेट करणाऱ्या विद्यार्थ्याला पुढे नोकरी कोण देणार, असे त्याचे मार्गदर्शकच विचारतात. एक ज्येष्ठ वर्गीकरणतज्ज्ञ निवृत्त झाला की त्याच्या जागी जनुके वाचणारा तंत्रज्ञ नेमून भागेल, ही समजूत पसरते आहे. ती चुकीची आहे. यंत्र ६५८ अक्षरे वाचून देईल, पण ती कोणाची आहेत हे किडा ओळखणारा माणूसच सांगेल. उलट, जुन्या पद्धतीच्या अभिमानापोटी जनुकांकडे पाठ फिरवणारा अभ्यासकही आपल्या शेतकऱ्याचे नुकसानच करतो, कारण माद्या आणि पिल्लांची ओळख त्याच्या हाती कधी लागणार नाही. दोन्ही कामे एका छताखाली, एकाच नमुन्यावर व्हायला हवीत.

महाराष्ट्रात राहुरी, अकोला, परभणी आणि दापोली अशी चार कृषी विद्यापीठे आहेत. कापूस, ऊस, सोयाबीन, भात, आंबा अशी राज्याची मुख्य पिके त्यांच्या कार्यक्षेत्रांत येतात. पुण्यात आकुर्डीला भारतीय प्राणी सर्वेक्षण संस्थेचे पश्चिम विभागीय केंद्र आहे. हे पाच जण एकत्र आले तर राज्यातल्या सगळ्या तुडतुड्यांचा नकाशा काही हंगामांत तयार होईल. त्यासाठी चार गोष्टी हव्यात. प्रत्येक विद्यापीठात कीटकसंग्रह हा विभागप्रमुखाच्या आवडीवर न सोडता स्वतंत्र पद आणि निधी देऊन सांभाळावा. जनुक वाचलेला प्रत्येक किडा क्रमांक देऊन जपावा आणि तो क्रमांक सार्वजनिक संचात लिहिल्याशिवाय शोधनिबंध ग्राह्य धरू नये. वर्गीकरण शिकणाऱ्या विद्यार्थ्यासाठी वेगळ्या शिष्यवृत्त्या ठेवाव्यात. आणि लंडनच्या संग्रहालयात असलेल्या आपल्या जातींच्या मूळ नमुन्यांची छायाचित्रे आणि जनुकीय माहिती मिळवण्यासाठी सरकारी पातळीवर करार करावा. विद्यापीठांच्या अंदाजपत्रकात यांतले काहीच न पेलणारे नाही.

आपल्या शेतातला तुडतुडा अटलांटिक ओलांडून गेला आणि तिथल्या शास्त्रज्ञांनी त्याला ओळखले. उद्या दुसऱ्या खंडातला तुडतुडा आपल्या कपाशीवर आला तर त्याला पहिल्याच हंगामात ओळखणारा माणूस आपल्याकडे असायला हवा. तो आजच्या विद्यार्थ्यांमधूनच घडवावा लागेल. चारही विद्यापीठांच्या कुलगुरूंनी येत्या अंदाजपत्रकात त्याच्यासाठी एक पद आणि एक प्रयोगशाळा मागावी, आणि सरकारने ती द्यावी.